प्रवाळांच्या पोटातील दिनदर्शिका

उरणच्या मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याकडे जाणाऱ्यांना खाडीचे गढूळ पाणी नवे नाही. येथे प्रवाळभित्ती का उभी राहत नाही, याचे एक मोठे कारण या गढूळपणातच आहे. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याला सूर्यप्रकाश लागतो. वरळी, हाजी अली येथे काही चिवट प्रवाळ खडकांना धरून आहेत. सागरी किनारा मार्गासाठी २०२० मध्ये त्यांतील काही वसाहती अन्यत्र हलविण्यात आल्या. अरबी समुद्रातील विस्तीर्ण भित्ती पाहायच्या, तर लक्षद्वीप गाठावे लागते.

प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. झाडाच्या खोडात जशी वलये, तसे या सांगाड्यात थर असतात. सांगाड्याची पातळ चकती कापून तिचे क्ष-किरण छायाचित्र घेतले की घन आणि विरळ पट्टे आळीपाळीने उमटतात. अशा दोन पट्ट्यांची जोडी म्हणजे एक वर्ष.

हे सिद्ध कसे झाले? प्रशांत महासागरातील एनिवेटॉक येथे अमेरिकेने १९४८ ते १९५८ या काळात अणुचाचण्या केल्या. त्यांतील किरणोत्सर्गी द्रव्य तेथील प्रवाळांच्या थरांत साठले. चाचण्यांची वर्षे ठाऊक होतीच; त्या थरांनंतरचे पट्टे मोजताच हिशेब जुळला. हा निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला.

'पोरायटिस' हा घुमटाकार प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे दोन मीटर उंचीच्या घुमटात सुमारे २०० वर्षांची नोंद! थरांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण तपासून त्या वेळच्या पाण्याच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील सुप्रियो चक्रवर्ती आणि आर. रमेश यांनी १९९० च्या दशकात लक्षद्वीपच्या प्रवाळांत, पावसाळ्यात समुद्र थंड होत असल्याची खूण वाचली. जॉन वेल्स यांनी तर १९६३ मध्ये डेव्होनियन काळातील प्रवाळ-जीवाश्मांवरील सूक्ष्म रेषा मोजून, तेव्हा वर्षात सुमारे ४०० दिवस असल्याचे दाखविले. पृथ्वीची गती तेव्हा अधिक होती, दिवस सुमारे २२ तासांचा होता.

मात्र ही दिनदर्शिका प्रवाळ जिवंत असेपर्यंतच पुढे लिहिली जाते. समुद्र तापला की शैवाल प्रवाळाला सोडून जाते आणि तो पांढरा पडतो. लक्षद्वीपने हे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये अनुभवले. प्रवाळ मेला की त्याची नोंद तिथेच थांबते. मान्सूनच्या बदलत्या स्वभावाचा साक्षीदार नेमका गरजेच्या वेळी मुका होणे, हे आपल्याला परवडणारे नाही.