उलट्या दिशेनं वाहिलेला पगार

२० एप्रिल २०२०, सोमवार. सकाळी ब्रिटनच्या करखात्यानं, म्हणजे एचएमआरसीनं, एक नवं ऑनलाइन पोर्टल सुरू केलं. पहिल्या अर्ध्या तासात मालकांचे ६७ हजार अर्ज आले आणि पोर्टल बंद पडलं नाही. तासाला साडेचार लाख अर्ज पेलता येतील अशीच त्याची बांधणी होती. ज्या योजनेसाठी हे सारं उभं राहिलं, ती जाहीर होऊन तेव्हा बरोबर एक महिना झाला होता. करोनाच्या साथीत तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी २० मार्चला सांगितलं होतं: माणसांना कामावरून काढू नका, घरी बसवा. त्यांच्या पगाराचा ८० टक्के भाग, महिन्याला जास्तीत जास्त २,५०० पौंड, सरकार देईल.

सरकारी घोषणा आणि हातात पडलेला पैसा यांच्यात किती अंतर असतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. या योजनेत अर्ज केल्यापासून कामाच्या सहा दिवसांत रक्कम मालकाच्या बँक खात्यात येत होती. योजना ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत चालली. तोवर तिनं कधी ना कधी १ कोटी १७ लाख नोकऱ्यांचा भार उचलला होता आणि खर्च सुमारे ७० अब्ज पौंडांवर गेला होता. हे एका महिन्यात जमलं कसं?

उत्तर मला थक्क करतं. नवं असं फार थोडं बांधलं गेलं. पगारातून कर कापून सरकारकडे नेणारी एक जुनी पाइपलाइन होती, तिच्यातून पाणी उलटं सोडलं गेलं.

ही पाइपलाइन दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. युद्धाच्या खर्चापायी लाखो कामगार पहिल्यांदाच प्राप्तिकराच्या कक्षेत आले होते. आठवड्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याकडे वर्षातून एकदोनदा मोठी रक्कम मागितली, तर तो देणार कुठून? म्हणून मालकानंच दर पगारातून थोडाथोडा कर कापायचा, अशी पद्धत ठरली. तिचा आराखडा करणारे पॉल चेंबर्स त्याआधी, १९३७ ते १९४० या काळात, भारत सरकारचे प्राप्तिकर सल्लागार होते. अर्थमंत्री किंग्जली वुड २१ सप्टेंबर १९४३ रोजी संसदेत ही पद्धत जाहीर करणार होते. त्याच दिवशी सकाळी त्यांचा मृत्यू झाला. पद्धत मात्र थांबली नाही. एप्रिल १९४४ मध्ये ‘पे ॲज यू अर्न’ सुरू झाली आणि आजही चालू आहे.

तिच्यात २०१३ साली एक भर पडली. तोपर्यंत कुणाला किती पगार दिला, याचा तपशील मालक वर्षाअखेरीस कळवत. २०१३ पासून तो दर पगाराला, पगाराच्या दिवशी किंवा त्याआधी, ऑनलाइन कळवणं बंधनकारक झालं. दोन माणसं कामाला असलेल्या सलूनवाल्यालाही यातून सुटका नव्हती. छोट्या मालकांना ही शुद्ध कटकट वाटे. पण त्या कटकटीमुळेच २०२० च्या मार्चमध्ये सरकारकडे कोण कुणाकडे काम करतं आणि त्याला किती पगार मिळतो, याची ताजी यादी होती. हीच साथ २०१२ मध्ये आली असती तर खात्यापुढे वर्षभर जुने आकडे असते.

यादी म्हटलं की तारीख आली. बनावट कामगार घुसू नयेत म्हणून सरकारनं अट घातली: २८ फेब्रुवारीपर्यंत ज्याची नोंद पोचली, तोच पात्र. ओरड झाली, मग ती तारीख १९ मार्च केली गेली. तरीही एक फट उरलीच. मार्चच्या सुरुवातीला नव्या नोकरीत रुजू झालेल्या माणसाचा पहिला पगार महिनाअखेरीचा, त्यामुळे त्याची नोंदही महिनाअखेरीलाच. तो खरोखर कामाला होता, पण यादीत नव्हता. फेब्रुवारीअखेर जुन्या नोकरीत असलेल्यांपुरता एक रस्ता होता: जुन्या मालकानं परत कामावर घ्यावं आणि लगेच घरी बसवावं. हे पूर्णपणे नियमात बसत होतं. महिन्याभरापूर्वी राजीनामा देऊन निघालेल्या माणसानं आता जुन्या साहेबांना फोन करायचा, आणि साहेबांनी मनात आणलं तर त्याच्या घरी पगार येणार. इतकी मोठी यंत्रणा आणि शेवटी सारं दोन माणसांमधल्या चांगुलपणावर आलं होतं.

मालकाच्या बाजूनं हे कसं दिसत होतं? समजा, मँचेस्टरमध्ये एक छोटा कॅफे आहे आणि मालकीणबाई स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसल्या आहेत. आचाऱ्याचं सोपं आहे: ठरलेला पगार १,५०० पौंड, त्याचे ८० टक्के १,२०० पौंड. वाढपी मुलीचे तास दर आठवड्याला वेगळे. तिच्यासाठी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याची कमाई आणि सरत्या आर्थिक वर्षाची मासिक सरासरी काढायची, आणि दोन्हींतला मोठा आकडा धरायचा. तिला गिऱ्हाइकांकडून मिळणारी टिप मात्र हिशेबात नाही. तिचं निम्मं घर त्या टिपवर चालत असेल, तर तिच्यासाठी ८० टक्के हे ८० टक्के राहतच नाहीत. प्रत्येकाला लेखी कळवायचं. सुरुवातीच्या नियमांप्रमाणे निदान तीन आठवडे घरी बसवायचं आणि त्या काळात आपलं कुठलंही काम सांगायचं नाही, अगदी ऑर्डरचा फोन घ्यायलाही नाही. शिवाय एप्रिलअखेरच्या पगाराआधी पैसे हवे असतील तर अर्ज २२ एप्रिलपर्यंत जायला हवा. म्हणजे पोर्टल उघडल्यावर हातात तीनच दिवस.

आणि बाईंचं स्वतःचं काय? कंपनी त्यांची, त्या तिच्या संचालक. छोट्या कंपन्यांत रूढ असतं तसा त्या पगार थोडा घेतात आणि बाकीचा लाभांश. योजनेत धरला जातो तो फक्त पगार. तो ७०० पौंड असेल तर मिळणार ५६०. त्या बदल्यात कायद्यानं सक्तीची कागदपत्रं सोडून कंपनीचं दुसरं काही करायचं नाही. ज्या महिन्यांत धंदा वाचवायला मालकानं जिवाचं रान करावं, त्याच महिन्यांत हातावर हात ठेवून बसायचं. या नियमाबद्दल मला आजही वाईट वाटतं. नोकर आणि मालक या दोन्ही भूमिका एकाच माणसात असतात, हे छोट्या धंद्याचं मूळ रूपच त्या यादीला दिसत नव्हतं.

पुढे जुलैपासून अर्धवेळ काम करू देण्याची मुभा आली आणि मालकांचा वाटा हळूहळू वाढवत योजना ३१ ऑक्टोबरला संपणार असं ठरलं. त्याच ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी दुसरी टाळेबंदी जाहीर झाली आणि योजना लांबवली गेली. पैसे संपणार म्हणून ज्यांनी आधीच्या आठवड्यांत माणसांना नोटिसा दिल्या, त्यांना हे काही तास आधी कळलं असतं तरी पुरेसं झालं नसतं.

पैसे चुकीच्या हातीही गेले. करखात्याचे तेव्हाचे प्रमुख जिम हारा यांनी सप्टेंबर २०२० मध्येच संसदीय समितीपुढे सांगितलं की ५ ते १० टक्के रक्कम चुकीमुळे किंवा लबाडीमुळे गेली असू शकते. घाई केली त्याची ही किंमत होती, आणि माझ्या मते ती मोजण्याजोगी होती.

ऑस्ट्रेलियात असाच ‘जॉबकीपर’ होता, दर पंधरवड्याला माणशी १,५०० डॉलर. तिथे नोंदणीच्या फॉर्मवर ‘पात्र कामगार किती’ असा रकाना होता आणि काही मालकांनी त्यात १ ऐवजी १,५०० लिहिलं. असे गंभीर चुकांचे सुमारे हजार फॉर्म निघाले. त्यांच्या बेरजेमुळे ६५ लाख कामगारांचा सरकारी अंदाज बरोबरच वाटत राहिला. मे २०२० मध्ये कळलं की खरा आकडा ३५ लाखांच्या आसपास आहे आणि खर्च १३० अब्ज नव्हे, ७० अब्ज डॉलर होईल. तरी या चुकांपायी कुणाला जादा पैसे गेले नाहीत, कारण पैसे त्या रकान्यावरून नव्हे, कामगारांच्या नावानिशी दाखवलेल्या पगारावरून सुटत होते. सिंगापूरनं तर अर्जच मागवले नाहीत. भविष्यनिधीच्या नोंदींवरून हिशेब झाला आणि मालकांच्या खात्यात रक्कम आली.

आपल्याकडेही अशी एक पाइपलाइन होती: पीएफची. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारनं जाहीर केलं की शंभरपर्यंत कामगार असलेल्या आणि त्यांतल्या ९० टक्क्यांना पंधरा हजारांपेक्षा कमी पगार असलेल्या आस्थापनांत मालकाचे १२ आणि कामगाराचे १२ असे २४ टक्के सरकार भरेल. ऑगस्टपर्यंत ते चाललं. मालक नेहमीसारखं मासिक विवरण भरत आणि सरकारचा वाटा कामगाराच्या पीएफ खात्यात जमा होई. बारा हजारांच्या पगारावर २,८८० रुपये. त्यातले कामगाराच्या हातात जास्तीचे आले १,४४०, म्हणजे त्याचा न कापलेला हप्ता. पगाराचे बारा हजार मात्र मालकानंच उभे करायचे. पूर्ण पगार द्या असा गृहमंत्रालयाचा आदेश २९ मार्चला निघाला होता, तोही मे महिन्याच्या मध्यावर मागे घेतला गेला.

आणि पीएफचा कायदा साधारण वीस कामगारांपासून लागू होतो. आठ माणसांचं वर्कशॉप, चार पोरांचं गॅरेज, पोळी-भाजी केंद्रातल्या सहा बायका या यादीत येतच नाहीत. त्यांच्यापर्यंत पगार पोचवायचं कुणी मनापासून ठरवलं असतं, तरी पोचवायचा कुठल्या वाटेनं? असंघटित कामगारांची पहिली देशव्यापी यादी करणारं ई-श्रम पोर्टल २६ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालं. त्यात आता कोट्यवधी नावं आहेत. नाव आहे, आधार क्रमांक आहे, व्यवसाय आहे. त्या माणसाला दर महिन्याला पगार कोण देतं, याची नोंद मात्र ते सुरू झालं तेव्हा त्यात नव्हती.