मी आंबा आवडतो

जुलैतला मंगळवार, दुपारचे तीन वाजायला आलेत. शाळा सुटलीय, आमचा वर्ग मात्र आत्ता भरतोय. पुण्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेचा दुसरा मजला. सातवी ते दहावीची चौदा मुलं आणि स्पॅनिशच्या बाबतीत सगळ्यांची पाटी सारखीच कोरी. दाराशी छत्र्यांचा ढीग, वर्गभर ओल्या मोज्यांचा वास.

"बुएनास तार्देस," मी म्हणते.

"बुएनाऽऽस तार्देऽऽस, मॅऽऽम," थेट ‘गुड आफ्टरनून’च्या चालीत उत्तर येतं. ही चाल बालवाडीपासूनची. ती मोडायच्या फंदात मी पडत नाही. यातले ‘त’ आणि ‘द’ मात्र ऐकावेत. ज्यांची घरची भाषा इंग्रजी असते त्यांना हे दातांवरचे उच्चार घोटून घ्यावे लागतात, आमच्या पोरांना ते फुकट मिळालेत.

वय सांगायचा सराव चाललाय. आठवीतला एकजण फळ्यावर लिहितो, ‘तेंगो त्रेसे आन्योस’. शब्दशः, माझ्याकडे तेरा वर्षं आहेत. पण एनच्या डोक्यावरची नागमोडी रेघ तो विसरतो आणि मी डस्टर घेऊन धावते. उशीर झालेला असतो. मागच्या बाकावरच्या नववीच्या मंडळींना त्या रेघेवाचून होणारा अर्थ माहीत आहे. तो शरीराच्या अशा भागाचा आहे की सातवीच्या मुलींसमोर मी सांगणार नाही. हसू बाकाबाकांवरून पुढे सरकतं.

"ती रेघ म्हणजे मुळात छोटा एनच," मी घाईने विषय बदलते. "जुने लेखनिक दोन एन लागोपाठ आले की एक दुसऱ्याच्या डोक्यावर चढवायचे. आपला अनुस्वार कसा, ‘न’ लिहायच्या ऐवजी वर टिंब?"

"म्हणजे ऱ्हस्व-दीर्घासारखे मार्क कापणार?" दहावीतली एक विचारते.

"कापणार."

आता आजचा खरा धडा, आवडीनिवडीचा. पुस्तक इंग्रजीतून शिकणाऱ्यांसाठी लिहिलेलं आहे. या क्रियापदासाठी त्यात अर्धं पान भरून धोक्याची चौकट आहे. मुलं ती इमाने इतबारे वाचतात आणि वाचून झाल्यावर नेमकं तेच करतात. "यो गुस्तो एल मांगो," पहिल्या बाकावरची, सगळ्या चाचण्यांत पहिली येणारी, खणखणीत आवाजात सांगते.

"हे मराठीत कसं होईल माहितेय? मी आंबा आवडतो."

ती गोंधळून बघते. वर्गात मराठी बोलणं म्हणजे काहीतरी चुकतंय असं या मुलांच्या अंगवळणी पडलंय, आणि इथे मॅमच बोलतायत.

"पुस्तक मिटा. आंबा आवडतो, हे घरी कसं सांगता?"

"मला आंबा आवडतो."

"मे गुस्ता एल मांगो. आता आंबे."

"मला आंबे आवडतात."

मी फळ्यावर दोन ओळी एकाखाली एक लिहिते. मे गुस्ता एल मांगो. मे गुस्तान लोस मांगोस. क्रियापद बदललंय ते आंब्यामुळे, माझ्यामुळे नाही. इंग्रजीतून हे समजवायला मला गेल्या वर्षी दोन तास लागले होते. खरं तर मराठी इथे स्पॅनिशहून खडतर आहे: आंबा आवडतो, चिंच आवडते, केळं आवडतं. स्पॅनिशला या तिन्हींसाठी ‘गुस्ता’ पुरतं.

"मॅम, तमिळमध्येपण सेम," खिडकीजवळची बोलते. "एनक्कु पिडिक्कुम्. एनक्कु म्हणजे मला." दुसरा लगेच ‘मुझे आम पसंद हैं’ टाकतो. इंग्रजी बिचारी एकटी पडते.

मला आता फार शहाणं झाल्यासारखं वाटायला लागतं, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरचा जांभई देत म्हणतो, "सोय अबुर्रीदो."

तो कंटाळलाय एवढंच त्याला म्हणायचंय. त्याने सांगितलं ते असं की, मी कंटाळवाणा माणूस आहे. शेजारचा मान डोलावून दुजोरा देतो. कंटाळा आत्तापुरता असेल तर ‘एस्तोय’ हवं, स्वभावच तसा असेल तर ‘सोय’. आणि इथे मराठीचा काही उपयोग नाही. आपल्याकडे दोन्हीला एकच ‘आहे’. मी मराठीत समजवून बघते, मग इंग्रजीत, मग जांभया देऊन दाखवते. समोर चौदा कोरे चेहरे. "हे पुढच्या मंगळवारी," मी म्हणते आणि खडू खाली ठेवते.

व्हॅनवाले काका खालून हॉर्न देतायत. दप्तरं उचलली जातात, छत्र्यांची अदलाबदल होते. जिन्यावरून आवाज वर येतोय: "मे गुस्तान लोस वडापाव!"

"वडापाव नाही, अनेकवचन कर. लोस वडापावेस."

"ए, मराठीत बदलत नाही तर स्पॅनिशमध्ये का बदलेल?"

"शेवटी व्यंजन आलं की ‘एस’ लागतो, मॅमनी सांगितलंय. विचार त्यांना."

पावलं जिन्यात थांबतात. मी घाईघाईने फळा पुसायला घेते.