दोर कुठे बांधायचा?

वॉटर-स्कीइंगचा इतिहास म्हटला की सगळे फळ्यांबद्दल आणि फळ्यांवर उभ्या राहणाऱ्यांबद्दल बोलतात. फळी पहिल्यांदा कोणी वाकवली, पेटंट कोणाच्या नावावर, अनवाणी पहिला कोण घसरत गेला. जुन्या फोटोंत बोट असते ती एका कडेला, अर्धी कापलेली. मी मिनेसोटात राहतो. माझ्याकडे एक जुनी सोळा फुटी बोट आहे, तिला पन्नास हॉर्सपॉवरची आउटबोर्ड मोटर आहे आणि उन्हाळ्यातले बरेच शनिवार पोरासोरांना पाण्यावरून ओढण्यात जातात. त्यामुळे हा सगळा इतिहास मला बोटीतून मागे पाहावा तसा दिसतो, आणि त्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: दोर बोटीला कुठे बांधायचा?

सुरुवात आमच्याच राज्यातली. मिसिसिपी नदी मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनच्या मध्ये एके ठिकाणी इतकी फुगते की तिला लोक लेक पेपिन म्हणतात. तिच्या काठच्या लेक सिटी गावात १९२२ च्या उन्हाळ्यात राल्फ सॅम्युएलसन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा पाण्यावर उभा राहायच्या नादाला लागला. पिंपाच्या फळकुट्या झाल्या, बर्फावरच्या स्की झाल्या. मग त्याने पाइनच्या दोन पाट्या आणल्या, आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद. त्यांची टोकं आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळत्या पाण्यात मऊ केली आणि वाकवून घेतली. पाय अडकवायला चामड्याचे पट्टे ठोकले. दोर म्हणून खिडकीच्या तावदानांना लावतात तो सुती दोर, शंभर फूट. हातात धरायला लोहाराकडून करून घेतलेली लोखंडी कडी. आणि ओढायला भाऊ बेनची बोट, जिच्यात सॅक्सन ट्रकचं इंजिन बसवलेलं होतं. बरेच प्रयत्न बुडाल्यावर २ जुलैला त्याला युक्ती सुचली: अंग मागे टाकायचं आणि फळ्यांची टोकं पाण्याबाहेर ठेवायची. तो उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याचा एकोणिसावा वाढदिवस होता.

आठ फूट लांबीच्या त्या फळ्या पाहून लोक हसतात. पण ती लांबी मुलाच्या हौसेची नव्हती, ती बोटीच्या दुबळेपणाची होती. ओढणारा जितका मंद, तितकी माणसाला तोलून धरायला फळी मोठी लागते. इंजिनं वाढली तशा फळ्या आखूड होत गेल्या आणि शेवटी एकावर आल्या. तेव्हा फळ्यांचा इतिहास म्हणजे खरं तर इंजिनाचाच इतिहास, फक्त उलट्या बाजूने लिहिलेला.

सॅम्युएलसनने पेटंट घेतलं नाही. १९२५ मध्ये ते घेतलं न्यूयॉर्कच्या फ्रेड वॉलरने, ज्याने पुढे सिनेरामा हा रुंद पडद्याचा सिनेमा काढला. त्याच वर्षी सॅम्युएलसन डुकराची चरबी फासलेल्या उतारावरून उडी मारून दाखवत होता आणि उडत्या बोटीमागे, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानामागे, ताशी ऐंशी मैल वेगाने घसरत होता. नंतर तो टर्कीपालन करू लागला. अमेरिकन वॉटर स्की असोसिएशनने पहिला मान त्याला दिला तो थेट १९६६ मध्ये.

ही झाली वेड्यांची गोष्ट. साध्या कुटुंबाच्या हाती हा खेळ आला तो आउटबोर्ड मोटरमुळे. मिलवॉकीच्या ओले इव्हिनरूडने १९०९ मध्ये विकायला काढलेली मोटर दीड हॉर्सपॉवरची होती. तिच्यामागे माणूस सोडा, बदकही उभं राहिलं नसतं. पण १९५८ पर्यंत जॉन्सन आणि इव्हिनरूड पन्नास हॉर्सपॉवरच्या मोटरी विकत होते आणि अ‍ॅल्युमिनियमच्या व फायबरग्लासच्या हलक्या बोटी गाडीमागे ट्रेलरवर टाकून कोणीही तळ्यावर नेऊ शकत होतं. त्याच सुमाराला पॉलिप्रॉपिलीनचा दोरही आला. तो पाण्यावर तरंगतो. सुती दोर पाणी पिऊन जड होतो, बुडतो आणि पंख्यात गुंडाळला जातो. नायलॉन मजबूत खरा, पण ताणला जातो आणि हातातून सुटला की चाबकासारखा बोटीवर येतो. वॉटर-स्कीइंगच्या प्रसारात या तरंगणाऱ्या दोराचं श्रेय कोणी लिहीत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आउटबोर्डने एक अडचण मात्र उभी केली. दोर बांधायची नेमकी जागा, पिछाडीचा मध्य, मोटरने बळकावलेली. यावर निघालेला तोडगा इतका साधा आहे की त्याचा शोध लावणाऱ्याचं नावही कोणाला ठाऊक नाही: पिछाडीच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या कड्यांना एक तुकडा बांधायचा, तो मोटरच्या मागून वळवायचा, त्याच्यावर तरंगता गोळा आणि एक कप्पी बसवायची आणि ओढायचा दोर त्या कप्पीला अडकवायचा. स्की करणारा डावीकडे गेला की कप्पी डावीकडे सरकते, उजवीकडे गेला की उजवीकडे. एका कोपऱ्यालाच दोर बांधून पाहा म्हणजे त्या कप्पीची किंमत कळते. सुकाणू सतत एका बाजूला ओढत राहतं आणि संध्याकाळपर्यंत मनगटं भरून येतात. आणि हो, त्या कड्या म्हणजे आतून पट्टी लावून बोल्टने आवळलेल्याच हव्यात. धक्क्याला बोट बांधायच्या खुंट्या ओढायच्या कामाच्या नाहीत.

पन्नास हॉर्सपॉवरच्या बोटीमागे मोठा माणूस उभा करायचा तर खरी लढाई पहिल्या काही सेकंदांची असते. माणूस पाण्यात बसलेला, बोट नाक वर करून पाणी ढकलते आहे आणि मोटर घुसमटली आहे. यावरचा उपाय मोठी मोटर नव्हे, वेगळा पंखा. पंख्याचं पिच म्हणजे एका फेऱ्यात तो किती इंच पुढे सरकेल तो आकडा. पिच एक इंच कमी केलं की मोटरचे फेरे साधारण दीडशे-दोनशेने वाढतात आणि बोट लवकर उचलली जाते. बदल्यात वरचा वेग जातो, पण वरचा वेग हवाय कोणाला? फक्त कंपनीने आखून दिलेल्या फेऱ्यांच्या वर मोटर जाणार नाही एवढं पाहायचं. चालक सोडून सगळ्यांनी सुरुवातीला पुढे बसायचं, हाही फुकटचा आणि बहुधा सगळ्यात गुणकारी उपाय.

पण स्पर्धावाल्यांना पिछाडी कधीच मानवली नाही. स्की करणारा वळणावर झपाट्याने बाहेर पडला की पिछाडीला हिसका बसतो आणि बोटीचं तोंड फिरतं. दोर बोटीच्या मध्याजवळ बांधला तर तोच हिसका बोट सहज पचवते. मायामी बीचवर स्की शिकवणाऱ्या लिओ बेंट्झने या विचाराने स्की नॉटिक ही फायबरग्लासची बोट केली: इंजिन मधोमध, त्याच्यापुढे पोलादी खांब, दोर त्या खांबाला, तळ असा की मागे लाट कमी उठावी. १९६१ मध्ये करेक्ट क्राफ्टने तिचे हक्क घेतले. ही तीच कंपनी, जिने १९४५ मध्ये ऱ्हाइन नदी ओलांडायला निघालेल्या फौजांसाठी काही आठवड्यांत शेकडो बोटी बांधून दिल्या होत्या. इथून ओढणारी बोट आणि घरची बोट या दोन वेगळ्या जाती झाल्या, आणि खेळाचं गांभीर्यही महागड्या जातीकडे गेलं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये वॉटर-स्कीइंग प्रदर्शनीय खेळ म्हणून दाखवलं गेलं. पदकांच्या यादीत ते कधीच आलं नाही.

मग १९९० च्या दशकात वेकबोर्डवाले आले. त्यांना लाट नको नव्हती, लाटच हवी होती, आणि हवेत उडायचं होतं. दोर वरून ओढला तर माणूस वर उचलला जातो, म्हणून बोटीवर कमान चढली आणि दोर डोक्यावर गेला. त्या कमानीला ट्यूब, म्हणजे पोरं बसवून ओढायची हवा भरलेली रबरी ट्यूब, बांधणारे महाभाग मी पाहिले आहेत. स्कीवरचा माणूस पाण्यावरून सरकतो. ट्यूबचं नाक पाण्यात घुसलं तर ती नांगर टाकल्यासारखी अडते, आणि तो सगळा हिसका कमानीच्या उंचीवरून हलक्या बोटीला कलंडवू पाहतो. ट्यूबचा दोर खालीच बांधायचा, पिछाडीला. अमेरिकेतल्या या व्यवसायाच्या संघटनेचे आकडे एका माणसाच्या ट्यूबच्या दोराला किमान १५०० पौंडांची ताकद मागतात आणि चौघांच्या ट्यूबला ४१०० पौंडांची. स्कीचा बारीक दोर ट्यूबला का वापरू नये, याचं उत्तर त्यातच आहे.

ट्यूबकडे स्कीवाले तुच्छतेने पाहतात. मला ते पटत नाही. ट्रकच्या टायरमधल्या रबरी ट्यूबवर पोरांना ओढायला सुरुवात झाली तेव्हाच या खेळात ज्यांना काहीच येत नाही त्यांना जागा मिळाली. मात्र ट्यूबला सुकाणू नसतं. बोट वळली की ट्यूब बाहेरच्या मोठ्या वर्तुळातून बोटीपेक्षा वेगाने फिरते, आणि त्या वर्तुळात धक्का असेल की दुसरी बोट, हे ट्यूबवरच्या पोराच्या हातात नसतं. म्हणून मोठ्यांसाठीही ताशी वीस मैलांची मर्यादा. म्हणून बोटीत मागे नजर ठेवणारा माणूस. मिनेसोटात तो नसेल तर रुंद आरसा तरी लागतोच. आणि चालकाच्या अंगाला अडकवलेली, तो पडला तर इंजिन बंद करणारी दोरी २०२१ पासून सव्वीस फुटांखालच्या बोटींत देशभर सक्तीची झाली आहे.

पुण्याहून आलेल्या भाच्याला पहिल्यांदा ट्यूबवर बसवलं तेव्हा त्याने एकच विचारलं, “मामा, पाडणार ना?” तो मालवणला बनाना राइड करून आला होता. कोकण किनाऱ्याने स्कीची पायरी गाळूनच टाकली. चिवला काय, तारकर्ली काय, तिथे थेट बनाना आणि बंपर आले. ते बरोबरच होतं. स्कीला तळ्यासारखं सपाट पाणी लागतं आणि शिकायला सवड लागते. दोन दिवसांसाठी आलेल्या, पोहता न येणाऱ्या पर्यटकाला लाटांवर धडधडत जाऊन शेवटी लाइफ जॅकेटसकट पाण्यात पडायचं असतं, आणि बोटवाला त्याला व्यवस्थित पाडतो. गोव्यात पॅरासेलिंगच्या बोटींनी दोराचा प्रश्न आणखी वेगळा सोडवला: दोर बांधायचाच नाही, बोटीवरच्या विंचच्या ढोलावर गुंडाळायचा, हवा तेवढा सोडायचा आणि माणूस परत बोटीवरच उतरवायचा.

इकडे अमेरिकेत दोर आता जवळजवळ सुटलाच आहे. वेकसर्फिंगची बोट पोटात हजारो पौंड पाणी भरून घेते, पिछाडी मुद्दाम बुडवते आणि इतकी मोठी लाट उठवते की माणूस सुरुवातीला दोर धरून उभा राहतो, मग तो बोटीत फेकून देतो आणि नुसत्या लाटेवर चालत राहतो. ती लाट काठापर्यंतही जाते. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२२ मध्ये मोजमापं करून सांगितलं की नेहमीच्या बोटीला काठापासून दोनशे फूट पुरत असतील, तर या बोटींनी लाट उठवताना पाचशे फुटांहून दूर राहावं. तेव्हापासून आमच्याकडच्या तळ्यांवर काठावरच्या घरमालकांची आणि बोटवाल्यांची भांडणं फुटांत होऊ लागली. आमचं तळं अरुंद आहे. दोन्ही काठांकडून पाचशे फूट सोडले तर मधे एक पट्टी उरते, आणि रविवारी दुपारी त्या पट्टीत दोन सर्फबोटी, एक पाँटून, मासे धरणारे दोघे म्हातारे आणि माझ्या कप्पीमागे किंचाळणारी पोरं एवढे सगळे असतो.