यंत्रांच्या पोटात (भाग ७) : त्रिकोणाच्या टोकावरची पट्टी

मागच्या भागात आपण दट्ट्याचं इंजिन उघडून पाहिलं. हवा-पेट्रोल आत ओढायचं, दाबायचं, पेटवायचं आणि धूर बाहेर टाकायचा, या चार कामांसाठी दट्ट्या सतत वरखाली धावतो. प्रत्येक टोकाला त्याला क्षणभर थांबून उलटं फिरावं लागतं. मिनिटाला सहा हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात असं थांबणं बारा हजार वेळा घडतं. चाकाला तर फक्त गोल फिरायचं असतं. मग पहिल्यापासूनच गोल का फिरू नये? फेलिक्स वांकेल हा जर्मन संशोधक १९२०च्या दशकापासून याच प्रश्नामागे होता. एनएसयू कंपनीत त्याचं इंजिन पहिल्यांदा चाललं ते १ फेब्रुवारी १९५७ रोजी. त्यात आतला त्रिकोण आणि बाहेरचं घर दोन्ही फिरत. घर स्थिर ठेवून ते सोपं केलं हान्स डीटर पाश्के या एनएसयूच्या अभियंत्याने. आज आपण ज्याला वांकेल इंजिन म्हणतो ते हेच.

घराचा आतला आकार कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोलासारखा असतो. त्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, म्हणजे रोटर. त्याची तिन्ही टोकं कायम भिंतीला टेकलेली, त्यामुळे त्रिकोण आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. रोटर फिरू लागला की प्रत्येक कप्पा मोठा होतो, आवळतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा आवळतो. पहिल्यांदा मोठा होताना हवा-पेट्रोल ओढून घेतो, आवळताना ते दाबतो, ठिणगी पडली की फुगतो आणि शेवटी धूर ढकलून देतो. चारही कामं होतात, पण उघडझाप करणारा एकही व्हॉल्व्ह लागत नाही. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची भोकं रोटर स्वतःच झाकतो आणि मोकळी करतो.

रोटर जागच्या जागी फिरत नाही, हे समजायला सगळ्यात अवघड. त्यासाठी घरातली एक बांगडी घ्या आणि बांगडीच्या आतल्या रुंदीच्या दोन तृतीयांश जाडीचं लाटणं. लाटणं उभं धरून बांगडी त्यात घाला, एका ठिकाणी ती लाटण्याला चिकटवून धरा आणि न घसरू देता लाटण्याभोवती लोळवा. बांगडीवर आधी एक टिकली लावा. बांगडी लाटण्याला जिथे टेकते ती जागा तीन फेरे पूर्ण करते, तेव्हा कुठे टिकलीचं तोंड एकदा गोल फिरून येतं. लाटणं म्हणजे घराला पक्कं बसवलेलं छोटं दातेरी चाक, बांगडी म्हणजे रोटरच्या पोटातलं दातेरी कडं. दात्यांचं प्रमाण दोनास तीन. रोटरचं केंद्र ज्या दांड्याला फिरवतं तो दांडा तीनदा फिरतो आणि रोटर एकदा. त्या एका फेऱ्यात तिन्ही बाजूंवर एकेक स्फोट होतो, म्हणजे दांड्याच्या दर फेऱ्याला एक. दट्ट्याच्या चार टप्प्यांच्या इंजिनात एका सिलिंडरला तेवढ्यासाठी दोन फेरे लागतात. लहानशा वांकेल इंजिनातून एवढी ताकद निघते ती यामुळे.

भूमिती अशी सुंदर, पण सगळा भार टोकांवरच्या तीन पातळ पट्ट्यांवर. दट्ट्याची रिंग गोल असते आणि गोल भिंतीला सगळीकडून सारखी टेकते. रोटरच्या टोकाची पट्टी मात्र भिंतीला एका रेघेत टेकते, आणि तिचा कल दर क्षणाला बदलतो. कधी पुढे झुकलेली, कधी मागे. एका बाजूला ताजी हवा, दुसऱ्या बाजूला जळता वायू. १९६७ साली एनएसयूने रो ८० ही देखणी गाडी आणली. पट्ट्या झिजल्या, ग्राहकांची इंजिनं बदलून देता देता कंपनी थकली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या छताखाली गेली.

हिरोशिमात हेच इंजिन बनवू पाहणाऱ्या माझदा कंपनीच्या केनिची यामामोतोंसमोरही तेच संकट होतं. त्यांच्या सत्तेचाळीस अभियंत्यांना घराच्या आतल्या क्रोमच्या मुलाम्यावर आडवे ओरखडे दिसले. त्यांनी त्याला ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हटलं. सगळे पट्टी कठीण करण्याच्या मागे असताना या लोकांनी ओळखलं की पट्टी भिंतीवरून सरकताना थरथरते आणि थरथरतानाच खरवडते. तिच्या आतून उभं-आडवं भोक पाडून त्यांनी तिची कंपनाची लय बदलली, ओरखडे थांबले. पुढे विक्रीच्या गाडीत त्यांनी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेल्या पट्ट्या घातल्या. मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली, दोन रोटरचं ९८२ घनसेंमीचं इंजिन घेऊन. माझ्या मते या इंजिनाचं अर्धं श्रेय त्या भोकाला आहे.

एक दोष मात्र भूमितीतच आहे. पेटण्याच्या वेळी कप्पा चंद्रकोरीसारखा लांब आणि चपटा असतो. ज्योत कडेपर्यंत पोचायला दोन स्पार्क प्लग लागतात, तरी काही पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. भिंतीचं क्षेत्र मोठं, म्हणून उष्णताही वाया जाते. शिवाय पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून थोडं ऑइल मुद्दाम आत सोडावं लागतं आणि तेही जळतं. १९७३च्या तेलसंकटानंतर एवढं पेट्रोल पिणारं इंजिन कोणाला परवडणार? बहुतेक कंपन्यांनी हात आखडते घेतले. माझदा टिकली, १९९१ मध्ये चार रोटरची ७८७बी घेऊन ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. २०१२ मध्ये मात्र तिची याच इंजिनावर चालणारी आरएक्स-८ ही गाडी बंद झाली. तरीही याला फसलेलं इंजिन म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

२०२३ मध्ये ते परत आलं, एमएक्स-३० या विजेच्या गाडीत. एकच रोटर, ८३० घनसेंमी, चाकांशी थेट नातं नाही, काम फक्त बॅटरीसाठी वीज बनवणं. टोकावरची पट्टी या वेळी दोन मिलिमीटरवरून अडीच मिलिमीटर जाड केली आहे.