पाठीवर पडल्यानंतरची कुस्ती

कुस्तीत पाठ लागली की सगळं संपलं. दोन्ही खांदे गादीला टेकले, पंचाने शिट्टी फुंकली, समोरचीचा हात वर गेला. त्यापुढे वाद नाही. मी कोल्हापूर जिल्ह्यात मुलींना कुस्ती शिकवते आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येकीच्या अंगात हेच मुरवते. काही झालं तरी पाठ लागू द्यायची नाही. अडचणीत आलीस तर पालथी हो, हातपाय पसर, गादीला चिकटून राहा. रितू फोगट हेच शिकत मोठी झाली. पुढे मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या, म्हणजे एमएमएच्या पिंजऱ्यात तिला जे मिळालं ते कुस्तीमुळे, आणि जे हातातून गेलं तेही बरंचसं याच शिकवणीमुळे, असं माझं मत आहे.

रितू ही हरियाणातल्या बलाली गावच्या महावीरसिंग फोगट यांची तिसरी मुलगी. ‘दंगल’ सिनेमामुळे तिच्या थोरल्या बहिणी गीता आणि बबिता घराघरांत पोचल्या. रितू त्यांच्या मागची, संगीता सगळ्यांत धाकटी. पण रितूची कुस्ती कुणाच्या सावलीतली नव्हती. २०१६ मध्ये सिंगापूरला तिने राष्ट्रकुल कुस्ती स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं. २०१७ मध्ये पोलंडमध्ये २३ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत ४८ किलो गटात रौप्य मिळवलं. प्रो रेसलिंग लीगमध्ये जयपूरच्या संघाने तिच्यावर ३६ लाखांची बोली लावली होती. इतकं सगळं हातात असताना, टोकियो ऑलिंपिक जवळ आलेलं असताना, २०१९ मध्ये तिने गादी सोडली, सिंगापूर गाठलं आणि वन चॅम्पियनशिप या आशियातल्या मोठ्या व्यावसायिक संघटनेशी करार केला.

तालमींत तेव्हा या निर्णयाची बरीच चर्चा झाली, आणि ती स्वाभाविक होती. कुस्तीच्या पदकावर रेल्वेत, पोलिसात नोकरी लागते. घर उभं राहतं. पिंजऱ्यातल्या विजयावर अशी नोकरी कुणी देत नाही. तिथे जिंकलात तर पुढची लढत, हरलात तर वाट पाहणं. जखमी झालात तर तेही बंद. चोविसाव्या वर्षी, चालू कारकीर्द बाजूला ठेवून पुन्हा शिकाऊ व्हायला फार मोठी छाती लागते.

हा खेळ नेमका काय आहे, ते आधी सांगते. पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, किताबाची लढत असेल तर पाच. हातात बोटं मोकळी ठेवणारे छोटे, चार औंसाचे हातमोजे. उभ्याने ठोसे, लाथा, कोपर, गुडघा चालतो. पकडून खाली आपटता येतं आणि खाली पडल्यावरही लढत चालूच राहते. प्रतिस्पर्धी बेशुद्ध झाली किंवा स्वतःचा बचाव करू शकत नाही असं पंचाला वाटलं, तर लढत थांबते. गळा आवळून किंवा सांधा पिळून तिला हार मानायला लावता येतं. ती हाताने दोन-तीनदा थोपटते, त्याला टॅप करणं म्हणतात. यातलं काहीच घडलं नाही तर तीन पंच कौल देतात. हा कौल तिघांचा सारखा नसला तर निकाल दोन विरुद्ध एक असा लागू शकतो.

आता कुस्तीगिराला यात काय मिळतं? पट, म्हणजे समोरचीचे पाय धरून तिला खाली घेण्याचा डाव. लढत कुठे व्हायची, उभ्याने की खाली, हे ठरवण्याची ताकद. १६ नोव्हेंबर २०१९ ला बीजिंगमध्ये रितू पहिल्यांदा उतरली. समोर दक्षिण कोरियाची किम नाम-ही होती. रितूने तिला खाली घेतलं, वर स्वार झाली, ठोसे लावले आणि पहिल्याच फेरीत पंचाने लढत थांबवली. पुढे वू चियाओ चेन, नू स्रे पोव आणि जोमारी टोरेस यांनाही तिने हरवलं. चार लढती, चार विजय, त्यांतले तीन वेळेआधी. ज्यांनी कुस्ती केली आहे त्यांना या लढती बघताना काहीच परकं वाटणार नाही. पटात शिरायची वेळ, कमरेची पकड, खाली घेतल्यावर अंगाचा भार टाकण्याची रीत, सगळं आपल्या ओळखीचं.

पहिला धक्का मे २०२१ मध्ये बसला. बी न्गुयेनविरुद्ध रितूने पट काढले, तिला खाली घेतलं, पण कौल दोन विरुद्ध एक असा तिच्या विरोधात गेला. गादीवरच्या कुस्तीत समोरचीला खाली घेतलं की दोन गुण पदरात पडतात. वनच्या पंचांचा हिशेब निराळा असतो. ते फेरीफेरीला गुण जोडत नाहीत, पूर्ण लढत एकत्र तोलतात. त्यात सगळ्यांत वर असतं ते लढत संपवण्याच्या किती जवळ कोण आलं हे, मग इजा किती झाली हे. नुसतं खाली घेणं त्या यादीत बरंच मागे आहे. म्हणजे पट काढला, आता पुढे काय, या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे तयार असावं लागतं.

रितू सावरली. जुलैमध्ये लिन हेचिनला हरवून ती वनच्या महिलांच्या ॲटमवेट वजनगटातल्या स्पर्धेत, आठ जणींच्या ग्रां प्रीमध्ये उतरली. सप्टेंबरमध्ये चीनच्या जड हाताच्या मेंग बोला आणि ऑक्टोबरमध्ये फिलिपिन्सच्या जेनेलिन ओल्सिमला पंचांच्या एकमुखी कौलावर मागे टाकून ती अंतिम फेरीत पोचली. एमएमएच्या इतक्या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत भारतीय बाई उभी आहे, हे दृश्य बघताना मला झालेला आनंद शब्दांत मांडणं अवघड आहे.

३ डिसेंबर २०२१, सिंगापूर. समोर थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स, मुए थाई आणि किकबॉक्सिंग या दोन्ही प्रकारांतली माजी विश्वविजेती. उभ्याने लढायचं तर स्टॅम्प भारी, खाली गेलं तर रितू, असा साधा हिशेब सगळ्यांनी मांडला होता. दुसऱ्या फेरीत रितूने तिला खाली घेतलंही. स्टॅम्पची पाठ गादीवर, रितू वर. आमच्या खेळात इथे निम्मं काम झालेलं असतं. पण पाठीवर पडलेल्या स्टॅम्पने दोन्ही पाय वर घेतले, रितूचा हात आपल्या मांड्यांमध्ये अडकवला, कंबर उचलली आणि कोपर उलट दिशेला ताणलं. याला आर्मबार म्हणतात. हात मोडण्याआधी टॅप करणं एवढंच उरतं. ठोसे-लाथांची राणी खाली पडून जिंकली आणि कुस्तीगीर वर असून हरली.

मी ती लढत माझ्या मुलींना बसवून पुन्हा पुन्हा दाखवते. सिंगापूरच्या इव्हॉल्व्ह केंद्रात रितू बॉक्सिंग, मुए थाई आणि जमिनीवर पकडींनी लढायचं ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकली होती. शिकली नव्हती म्हणून हरली, असं नाही. पण डोक्याने शिकलेलं आणि अंगात मुरलेलं यांत वर्षांचं अंतर असतं. स्टॅम्पला जमिनीवरचं काही विसरायचं नव्हतं, तिने कोऱ्या पाटीवर शिकून घेतलं. कुस्तीगिराला मात्र आधी जुनं पुसावं लागतं. वर असलेलीने हात सैल सोडला तर आर्मबार बसतो. पटात मान पुढे गेली तर गळा सापडतो. आणि पाठ वाचवायला पालथं झालं तर समोरची पाठीवर चढून मागून गळा आवळते. आम्ही ज्याला बचाव म्हणून शिकवतो, तो तिथे सापळा आहे.

रितूच्या वनमधल्या फेब्रुवारी २०२५ पर्यंतच्या लढतींचा हिशेब बघा. सात विजय, चार पराभव. सातपैकी तीन वेळेआधी ठोशांनी, चार कौलावर. गळा आवळून किंवा सांधा पिळून एकही नाही. चार पराभवांपैकी मात्र तीन टॅप करूनच. स्टॅम्पनंतर सप्टेंबर २०२२ मध्ये टिफनी टिओने मागून गळा आवळला. त्यानंतर रितू आई झाली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कतारला पुन्हा पिंजऱ्यात उतरली. तिथे जपानच्या आयाका मिउराने पहिल्याच फेरीत तिचा हात पिळला. निकाल काहीही लागो, बाळंतपणानंतर त्या पातळीवर वजन, दम आणि धीर परत आणणाऱ्या बाईचा मला अभिमान वाटतो.

ही गोष्ट एकट्या रितूचीही नाही. २०१७ मध्ये भारत खंडारे यूएफसीत, या खेळाच्या सर्वांत मोठ्या संघटनेत उतरला. शांघायमध्ये साँग यादोंगने पहिल्याच फेरीत त्याचा गळा आवळला. उत्तर प्रदेशातल्या बुढाणा गावची पूजा तोमर वुशू या चिनी युद्धकलेतून आली. जून २०२४ मध्ये अमेरिकेत लुइव्हिलला दोन विरुद्ध एक कौलावर जिंकून ती यूएफसीत विजय मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली. पुढच्या मार्चमध्ये लंडनला तीही आर्मबारमध्ये हरली. तिघांची वाट वेगळी, मुक्काम एकच.

मुंबईत २०१२ मध्ये सुपर फाइट लीग सुरू झाली तेव्हापासून या खेळात आपल्याकडे पैसा आणि प्रसिद्धी आली. जमिनीवरचा खेळ शिकवणारे जाणते गुरू मात्र त्या वेगाने आले नाहीत. म्हणून रितूला सिंगापूर गाठावं लागलं, पूजाला बाली.

२०२३ पासून महिलांची महाराष्ट्र केसरी सुरू झाली आहे. गावोगावी मुली आखाड्यात येत आहेत आणि त्यांतल्या काही जणी मोबाइलवर या लढती बघून मला विचारतात, ताई, आम्हीही जाऊ का? मी त्यांना अडवत नाही. आधी कुस्ती पक्की करा, शिक्षण पुरं करा, आणि करारावर सही करण्याच्या कितीतरी आधी जिउ-जित्सूचे वर्ग सुरू करा, इतकंच सांगते. पालकांना माझी विनंती आहे की विमा आणि उपचारांचा खर्च कोण करणार, हे कागदावर लिहून घेतल्याशिवाय मुलीला पिंजऱ्यात पाठवू नका. आणि माझ्या वस्ताद मंडळींना हात जोडून सांगणं आहे: आठवड्यातला एक दिवस गादीवर पाठीवर पडून लढायला शिकवा. ऑलिंपिकची कुस्ती त्याने बिघडणार नाही. आपल्या मुलींकडे ताकद आहे, पट आहे, जिद्द आहे. उरलेलं शिकवणं आपलं काम आहे.