फुली दाबली, तरी ड्राइव्ह चालूच

खडकी बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात लग्नपत्रिका करणाऱ्या एका डीटीपीवाल्या काकांचा सीपीयू उघडून ठेवला होता. तक्रारी दोन: मशीन सुरू व्हायला फार वेळ घेतं, आणि सीडीची एक जुनी फाइल काही केल्या डिलीट होत नाही. "सीडी दाखवणारा प्रोग्रॅम तर मी बंदच ठेवतो हो," काकांचं म्हणणं.

बंद म्हणजे कोपऱ्यातली फुली दाबलेली. त्यांचा सीडी ड्राइव्ह कधीच निकामी झालेला, म्हणून फॉन्ट आणि क्लिपआर्टच्या सीड्यांच्या त्यांनी आयएसओ प्रती करून ठेवलेल्या. सातेकशे एमबीची अख्खी सीडी एका फाइलीत मावते, आणि व्हर्च्युअल ड्राइव्ह ती खऱ्या सीडीसारखी दाखवतो. २०१२ साली विंडोज ८ आलं, तेव्हापासून आयएसओ उघडायला वेगळं काही लागत नाही. पण हे मशीन ७ वरून १० वर चढवलेलं. व्हर्च्युअल ड्राइव्हचं जुनं टूल सामानासोबत आपसूक आलं होतं.

दुरुस्ती करणाऱ्या मुलाने टास्क मॅनेजरमध्ये त्या टूलची प्रोसेस शोधली आणि 'एंड टास्क' केलं. यादीतून ती गेली. त्याने उभा केलेला ई ड्राइव्ह मात्र जागच्या जागी! फाइल डिलीट करायला गेला, तर पुन्हा तेच: फाइल वापरात आहे.

मला या कामातली खरी गंमत इथे वाटली. घड्याळाशेजारी बसणारी ती प्रोसेस वरवरची कामं बघते: उजव्या क्लिकचा मेनू दाखवायचा, मशीन सुरू झालं की आधीची सीडी पुन्हा चढवायची. ड्राइव्ह उभा असतो तो ड्रायव्हरवर, आणि ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात चालतो. त्याच्या नावाची ओळ टास्क मॅनेजरमध्ये येतच नाही. शिवाय काही टूल मध्ये एक सर्व्हिसही ठेवतात. म्हणजे नोकराला घरी पाठवलं तरी मालक गल्ल्यावरच.

मुलाने मग क्रमाने घेतलं. आधी ई ड्राइव्हवर 'इजेक्ट'. फाइल लगेच सुटली. नंतर प्रोग्रॅम अनइन्स्टॉल, रीस्टार्ट, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून मागे काही उरलंय का ते पाहणं. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात. डीमन टूल्स या अशाच एका टूलच्या जुन्या आवृत्त्यांसोबत येणारा एसपीटीडी ड्रायव्हर मूळ प्रोग्रॅम काढल्यावरही राहायचा. त्याच्याच इन्स्टॉलरने तो वेगळा काढावा लागे.

"आता पळेल ना?" काकांनी विचारलं.

"नाही काका. ती प्रोसेस थोडे एमबी खात होती, तेवढ्याने मशीन अडत नाही. तुमची हार्ड डिस्क थकलीय. एसएसडी टाकू या?"

काकांनी आधी भाव विचारला, मग जुन्या डिस्कवरच्या पत्रिका जशाच्या तशा येतील ना, हे दोनदा विचारून घेतलं.