सहा तासांची अमेरिका!

आमच्या भाईंदरच्या सोसायटीतल्या एक काकू लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघाल्या होत्या. डिंकाचे लाडू, दुपटी, टोपरी, सगळं बांधून तयार. तिकीट दाखवत मला म्हणाल्या, "अगं, रात्री दीडला मुंबईहून निघायचं आणि सकाळी साडेसातला नेवार्क! सहाच तास. आम्हाला मालवणला जायला याच्या दुप्पट वेळ लागतो." या हिशेबाने मधुमेहाच्या गोळ्या त्यांनी मोठ्या बॅगेत तळाला टाकल्या होत्या!

मैत्रिणींनो, फसायला होतं ते इथेच. तिकिटावर निघायची वेळ आपली असते आणि पोचायची तिथली. उन्हाळ्यात न्यूयॉर्क-न्यू जर्सीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे तिथे सकाळचे साडेसात वाजतात, तेव्हा भाईंदरला संध्याकाळचे पाच झालेले असतात. वजाबाकी करा, साडेपंधरा तास! तेही थेट विमानाने. मध्ये कुठे विमान बदलायचं असेल, तर आणखी वेळ.

मुंबई ते नेवार्क हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. विमान सरळ पश्चिमेला जाईल असं आपल्याला वाटतं, पण समोरच्या पडद्यावर ते उत्तरेला युरोपच्या वरच्या अंगाला चढताना दिसतं. पायलट रस्ता चुकलेला नसतो हं! घरात मुलांचा पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये दोरा ताणून बघा, तो आपोआप वर सरकतो. गोलावरचा जवळचा रस्ता तोच. अर्थात कधी वळसाही पडतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा अशा प्रवासांचा वेळ वाढला होता. आणि उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाताना ते समोरून येतात आणि येताना पाठीशी असतात. परतीचा प्रवास म्हणून थोडा लवकर होतो.

घर ते घर हिशेब तर निराळाच. दीडच्या विमानासाठी तीन तास आधी विमानतळ गाठायचा, म्हणजे भाईंदरहून नऊलाच गाडी काढायची. दहिसर-काशीमिऱ्याची गर्दी काय सांगावी! उतरल्यावर तपासणीची रांग, सामान, मग जावयाची गाडी. लेकीच्या दारात पोचेपर्यंत बावीस-तेवीस तास होतात.

गोळ्या हातातल्या पर्समध्ये हव्यात, त्या एवढ्यासाठीच, आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. कोणती गोळी कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यायची, हे डॉक्टरांनाच विचारावं. चार तासांहून जास्त एका जागी बसलं की पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. तेव्हा पाणी प्यावं, मधूनमधून उठून चालावं. शेजारचा झोपलाय म्हणून संकोच करत बसू नये, खुशाल उठवावं त्याला!

काकूंनी बॅग पुन्हा उघडली, डॉक्टरांकडेही जाऊन आल्या. त्या सुखरूप पोचल्या आणि नातही झाली. इकडे काकांनी स्वयंपाकघरातलं जुनं घड्याळ साडेनऊ तास मागे लावून ठेवलंय. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते आणखी एक तास मागे करायचं, अशी खूणही कॅलेंडरवर केलीये.